तीनशे पंधरा की माउझर: एकच रायफल ठेवायची असेल तर

2019 च्या डिसेंबरात शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका माणसाला तीनाऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतील असं ठरलं. वारशानं आलेली असली तरी मर्यादा दोनचीच. ग्वाल्हेरात ज्या मराठी घरांत आजोबा-पणजोबांपासून बंदुका चालत आल्यात, तिथं या तरतुदीवर बरीच खलबतं झाली. अशा घरात एक बाराबोर, म्हणजे छऱ्यांची बंदूक, असते आणि ती जागची हलत नाही. वडीलधाऱ्यांचा जीव तिच्यात असतो. मग उरते एक जागा आणि दावेदार दोन: ली-एनफिल्ड या जुन्या इंग्रजी लष्करी रायफलीच्या सांगाड्यावरची .315 (तीनशे पंधरा), किंवा जर्मन लष्करी माउझर कापून-तासून शिकारीसाठी केलेली .30-06. माझ्याकडे दोन्ही होत्या. एक ठेवली, एक मेहुण्याच्या परवान्यावर रीतसर चढवून दिली. वारसा नोंदवायच्या वेळी याच पेचात अडकलेली मंडळी अजून भेटतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. परवाना, यूआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक), नूतनीकरण वगैरे तुम्हाला ठाऊकच असणार, त्यात शिरत नाही.

.303 चा विषय आधीच मिटवतो, कारण कुणी ना कुणी विचारतोच की खरी ली-एनफिल्ड का नको. नियमांत .303 आणि 7.62 मिलिमीटरची लष्करी काडतुसं ज्या रायफलीत बसतात आणि उडतात, ती प्रतिबंधित बोअरची, म्हणजे नळीच्या मापाची. दस्ता अक्रोडाचा करा, पुढचं लाकूड अर्ध्यावर कापा, कायद्याला फरक पडत नाही. हे दुखणंही जुनंच आहे. 1907 मध्ये इंग्रजांनी हिंदुस्थानात लष्करी बोअरच्या रायफली सामान्य माणसाला बंद केल्या, तेव्हा बीएसएसारख्या इंग्रजी कारखान्यांनी तोच ली-चा सांगाडा घेऊन त्यावर 8 मिलिमीटरची नळी चढवली. तीच आपली तीनशे पंधरा. पुढं ईशापूरच्या रायफल फॅक्टरीनं तोच वसा चालवला. म्हणजे एका अर्थी ही मूळची लष्करी रायफल, साध्या कपड्यांतली.

माउझरची गोष्ट उलटी. तिच्यात कायद्याची पळवाट कमी आणि सुताराचं काम जास्त. दोन महायुद्धांनंतर जर्मन 98 नमुन्याच्या रायफली जगभर ढिगानं पडून होत्या. कुणी नळी तीच ठेवून लाकूड हलकं केलं, कुणी नळीच बदलली. नॉर्वेनं तर जर्मनांच्या मागं राहिलेल्या रायफलींवर .30-06 च्या नळ्या बसवून आपल्या सैन्याला दिल्या. .30-06 चं काडतूस 7.62 पेक्षा लांब, दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत, म्हणून ती आपल्याकडे परवान्यावर ठेवता येते. माझी माउझर आजोबांनी 1950 च्या दशकात घेतलेली. लष्करी दस्ता पुढून कापून आखूड केलेला, बोल्टचा (नळी मागून बंद करणाऱ्या अडसराचा) सरळ दांडा वाकवलेला, नेम धरायची मागची लष्करी खाच काढून साधी पानाची खाच बसवलेली. काम कुणी केलं याचा नळीवर शिक्का नाही, पण हात चांगला होता.

आता मारक शक्तीची चर्चा. ती करूच नये असं माझं मत. रानडुकराला कोणती पुरते, रोझाला (नीलगायीला) कोणती, सांबराला कोणती, ही गप्पांची मजा खरी. पण 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपली. शिवपुरीच्या रानातले किस्से ऐकावेत आणि सोडून द्यावेत. पिकाची नासधूस करणाऱ्या जनावराबाबत परवानगीची वाट आहे, पण ती सरकारी कागदातून जाते आणि तुमची-माझी रायफल त्या वाटेवर क्वचितच चालते. तेव्हा निर्णय घ्यायचा तो रेंजवरच्या कागदाचा विचार करून आणि कपाटातल्या जागेचा. शिकारीसाठी बनलेल्या रायफलीचा शिकारीशी संबंध उरला नाही, हे एकदा मान्य केलं की निम्मे वाद आपोआप मिटतात.

.315 ची बाजू भक्कम आहे आणि ती मी मनापासून मांडतो. पहिलं म्हणजे काडतूस. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं काडतूस ग्वाल्हेरातल्या दुकानात बहुधा मिळतं, आणि .30-06 च्या मानानं पुष्कळ स्वस्त. दुसरं म्हणजे मिस्त्री. चंबळच्या या पट्ट्यात तीनशे पंधरा न पाहिलेला मिस्त्री सापडायचा नाही. स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर, मॅगझिन, काहीतरी कुणाकडं तरी निघतंच. विकायची वेळ आली तर गिऱ्हाईकही शोधावं लागत नाही. भिंड-मुरैन्याकडं तिची हौस अजून तशीच आहे. 2019 मध्ये आपल्याकडच्या कलेक्टरांनी परवान्याच्या अर्जाला दहा झाडं लावायची अट जोडली होती. झाडं लावून का होईना, अर्ज करणारे होतेच, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात तीनशे पंधराच होती. (लग्नात ती हवेत उडवणाऱ्यांना त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची सोय करून ठेवली, ते बरंच झालं.)

आणि बोल्ट. ली-चा बोल्ट हाताळला की माउझरवाला गप्प होतो. दांडा जेमतेम साठ अंश वर येतो, मूठ बोटांच्या जवळच राहते, गाल दस्त्यावरून न उचलता पुढची फैर तयार. माउझरचा दांडा नव्वद अंश उचलायचा आणि उघडतानाच स्प्रिंग दाबायची. वाड्याच्या दाराला असतो तसल्या अडसराचं काम. धक्क्यातही .315 सोसायला बरी: जड गोळी, संथ ढकल. .30-06 चा झटका तोकडा आणि तिखट असतो, बारीक अंगाच्या माणसाला काही फैरींनंतर तो जाणवतो. .315 च्या काडतुसाला मागं कड असते, ती मॅगझिनमध्ये खालच्या काडतुसाच्या कडेमागं अडकली तर बोल्ट पुढं जात नाही. पण नीट भरली तर हा प्रकार होत नाही, त्याचा बाऊ करण्यात अर्थ नाही.

इतकं सगळं तिच्या बाजूनं असताना मी तिला सोडलं, त्याचं कारण ऐकायला क्षुल्लक वाटेल. पुढच्या लाकडाखालचा एक स्क्रू.

ली-एनफिल्डचा दस्ता एकसंध नसतो. मागचा बट वेगळा, पुढचं लाकूड वेगळं, मध्ये लोखंडी सांगाडा. पुढच्या लाकडाला सांगाड्याशी घट्ट धरणारा मुख्य स्क्रू ट्रिगरगार्डच्या पुढच्या टोकाशी असतो, आणि त्याच्याभोवती लाकडात एक छोटी पोलादी नळी, म्हणजे कॉलर. लाकूड चेपून जाऊ नये म्हणून ती ठेवलेली. कॉलर लाकडाच्या जाडीपेक्षा केसभर आखूड असावी, म्हणजे स्क्रू आवळला की आधी लाकूड दाबलं जातं आणि मग स्क्रू थांबतो. कारखान्यातून निघताना तशीच असते. पण लाकूड दोन-चार पिढ्या ग्वाल्हेरात राहिलं की काय होतं? मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढं, लू वाहते, लाकूड सुकून आकसतं. आता कॉलर लाकडापेक्षा उंच. स्क्रू पूर्ण आवळलेला, पेचकस फिरत नाही, आणि तरी लाकूड हातात किंचित हलतं. तुम्ही आणखी जोर लावता, तो सगळा कॉलरवर जातो.

मग येतो श्रावण. हवेत ओल, तेच लाकूड फुगतं, पुन्हा घट्ट होतं, पण सारखं फुगत नाही. एखाद्या बाजूनं नळीला टेकतं. रायफल लष्करात होती तेव्हा पुढच्या टोकापर्यंत लाकूड, नोजकॅप, आतली पट्टी आणि स्प्रिंगचा खुंट मिळून नळीला सगळीकडून एका ठराविक दाबात धरून ठेवत. शिकारीसाठी लाकूड अर्ध्यावर आणलं की ती सगळी व्यवस्था गेली आणि सगळी मदार मागच्या दोन खांद्यांवर आली. हे खांदे म्हणजे लाकडातले दोन कोपरे. गोळी सुटली की सांगाडा मागं येऊन त्यांवर आदळतो. तिथं वर्षानुवर्षं तेल मुरतं, लाकूड मऊ पडतं, चेपतं. ऑस्ट्रेलियात लिथगोच्या कारखान्याला नरम लाकूड वापरावं लागलं तेव्हा त्यांनी याच जागी तांब्याच्या चकत्या बसवल्या होत्या, म्हणजे दुखणं कुठं आहे हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

परिणाम कागदावर दिसतो. उन्हाळ्यात पन्नास मीटरवर काळ्या गोलात बसणारी माझी .315 पावसाळ्यात चार बोटं वर आणि डावीकडं जायची. माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट) सरकवून आणावी, तर दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत पुन्हा दुसरीकडं. मी काही यंत्रानं मोजमाप केलेलं नाही. माझाच हात हलला असेल असं म्हणायलाही जागा आहे. पण त्याच दिवशी, त्याच बाकावरून माउझर आपल्या जागी मारायची, त्यामुळं हाताला दोष द्यायला मन तयार होईना.

आणि इथं स्वस्त काडतुसाचा सगळा हिशेब उलटतो. परवान्यावर वर्षाचा कोटा लिहिलेला असतो. तुटवडा पैशांचा नसतो, कोट्याचा असतो. रेंज रोज मिळत नाही, मिळते तेव्हा पहिल्या काही फैरी रायफल आज कुठं मारतेय हे शोधण्यात जायच्या. ऋतू बदलला की पुन्हा तेच. .30-06 चं काडतूस महाग, पण एका ऋतूत झिरो केली, म्हणजे नेम आणि मार जुळवला, की पुढच्या ऋतूत विचारपूस करावी लागत नाही. जे उडवतो ते सराव म्हणून उडवतो. मेहुणा म्हणाला होता, “भाऊजी, तीनशे पंधराच ठेवा ना, काडतूस तरी मिळतं.” मिळतं, हे खरंच. पण त्यातलं निम्मं माशी हलवण्यातच खर्च झालं तर मिळून काय उपयोग?

निवडणुकांनी यात भर घातली. आचारसंहिता लागली की शस्त्र जमा. 2023 च्या नोव्हेंबरात विधानसभा, लगेच 2024 च्या मेमध्ये लोकसभा. दोन्ही रायफली एकाच कोठडीत, एकाच भिंतीला टेकून उभ्या होत्या. परत आल्या तेव्हा माउझरला तेल-चिंदी केली आणि ती पूर्ववत. ली-च्या नळीला मात्र लाकूड उजवीकडून टेकलं होतं. नळी आणि लाकडाच्या फटीत पोस्टकार्ड सरकवून बघायची जुनी रीत आहे. एका बाजूनं ते सळसळत गेलं, दुसऱ्या बाजूनं मध्येच अडलं.

इलाज नाही असं नाही. कॉलर केसभर घासता येते, खांद्यांवर चकत्या बसवता येतात, नळीला टेकणारं लाकूड खरवडता येतं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं माझ्यासमोर हे काम करताना एक गोष्ट बजावली होती: “पहले आगे की लकड़ी उतारो, फिर पीछे का बट। उल्टा किया तो फाड़ दोगे।” ते शंभर टक्के खरं. बटचा लांब बोल्ट पुढं चौकोनी टोकानं पुढच्या लाकडातल्या पत्र्यात अडकलेला असतो. पुढचं लाकूड न काढता तो फिरवला तर लाकूड मागून उभं चिरतं. बाजारात जुनी .315 बघाल तर ट्रिगरच्या वर मागच्या कडेला चीर आहे का ते आधी बघा. कुणीतरी तो बोल्ट उलट्या क्रमानं फिरवलेला असतो. मिस्त्रीच्या कामानंतर रायफल सुधारली, हे कबूल. एक मोसम बरा गेला. पुढच्या पावसात पुन्हा थोडी सरकली, आधीइतकी नाही. ज्याला असल्या कामाची आवड आहे त्याला यात मौजही वाटेल. मला रेंजवर जायची आवड आहे, सुतारकामाची नाही.

माउझरबद्दल बोलताना मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. माझ्या माउझरचा दस्ता जर्मनांनी युद्धकाळात वापरलेल्या थर-चिकट लाकडाचा आहे, पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवलेला. दिसायला ओबडधोबड, पॉलिश धड चढत नाही, पण ऊन-पावसाला तो जवळजवळ दाद देत नाही. शिवाय एकसंध दस्ता, खाली दोन स्क्रू, आणि गोळीचा मार सोसणारा लोखंडी खूर थेट लाकडात रुतलेला. कुणाच्या माउझरला हौसेनं नवा अक्रोडी दस्ता बसवलेला असेल आणि तो नीट मुरलेल्या लाकडाचा नसेल, तर तीही पावसाळ्यात नखरे करेल. म्हणजे मी ली विरुद्ध माउझर म्हणतोय, पण त्यात साधं लाकूड विरुद्ध थराचं लाकूड हेही मिसळलेलं आहे.

माउझरची डोकेदुखी वेगळी. सुरक्षेचा खटका बोल्टच्या मागं पंखासारखा उभा राहतो. दुर्बीण नळीलगत बुटकी बसवलेली असेल तर तो पूर्ण फिरतच नाही. मग दुर्बीण उंच बसवा आणि गाल हवेत ठेवा, किंवा खटका बदला. मी दुर्बीण लावलेली नाही, साध्या खाच-माशीवरच मारतो, त्यामुळं माझं भागलं. ज्यांचे डोळे चाळिशीनंतर माशी धुरकट दाखवतात त्यांनी हा मुद्दा हलक्यात घेऊ नये. मिस्त्रीचीही अडचण आहे. इथल्या बाजारात माउझर हातात घेऊन कौतुक करणारे पुष्कळ, उघडून नीट जोडणारे थोडे.

आणि काडतुसासाठी दुकानदाराशी गोड बोलून ठेवावं लागतं. आलं की फोन करा, असं सांगून ठेवायचं आणि वाट बघायची. रिकाम्या पुंगळ्या सांभाळून ठेवायच्या, हिशेब विचारला जातो. ज्याला वाट बघणं जमत नाही त्यानं सरळ .315 ठेवावी. ज्याची रायफल वर्षाकाठी एखाद्या वेळीच रेंज बघते आणि एरवी दसऱ्याला पाटावर शमीच्या पानांखाली असते, त्यानंही. त्याला ती चार बोटं कधी कळणारही नाहीत. (जाता जाता: ओलं कुंकू लोखंडावर लावू नका, दस्त्याच्या लाकडावर किंवा पट्ट्यावर लावा. बोल्टवर लावलेलं बोट कोजागरीपर्यंत गंजाचा ठसा होतं.) घरात दोन-तीन जणं आळीपाळीनं चालवणार असतील, तरी .315 च सोयीची. ली शिकवायला सोपी.

पण जो खरोखर नेम धरायला रायफल ठेवतोय आणि ज्याच्या घरात दोन्ही आहेत, त्यानं माउझर विकायची घाई करू नये एवढंच सुचवीन. माझं मन कुणीकडं झुकलंय ते एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल.

ठेवायचं ठरवण्याआधी दोन तपासण्या मात्र करा. एक, क्रमांक. रूपांतर केलेल्या माउझरवर सांगाड्याचा एक, बोल्टचा एक, नव्या नळीचा तिसरा असे वेगवेगळे आकडे असू शकतात. परवान्यावर त्यातला कोणता चढलाय आणि तो रायफलीवर आजही वाचता येतो का, हे भिंगानं बघा. पॉलिश करताना घासला गेलेला आकडा नूतनीकरणाच्या टेबलावर फार महाग पडतो. बोल्टचा क्रमांक सांगाड्याशी जुळत नसेल तर हेडस्पेस (बोल्ट बंद केल्यावर काडतुसाला मिळणारी जागा) गेजनं तपासून घेतल्याशिवाय एकही फैर झाडू नका, मग दुकानदार काहीही सांगो.

दोन, मॅगझिन. लष्करी माउझरची पेटी आखूड जर्मन काडतुसाच्या मापाची. .30-06 जवळजवळ तीन मिलिमीटरनं लांब, म्हणून ती बसवताना पेटीचा पुढचा पत्रा आणि गोळी वर चढायचा उतार घासलेला असतो. घासणाऱ्यानं हात आवरला नसेल तर उतारामागच्या, बोल्टच्या खालच्या दाताला आधार देणाऱ्या भागालाच त्यानं कमकुवत केलेलं असतं. डमी (बिनदारूची) काडतुसं घ्या, पेटी पूर्ण भरा, बोल्ट हळू चालवा, मग जोरात चालवा. पहिलं आणि शेवटचं काडतूस विशेष बघा, अडतं ते तिथंच. पाचही निमूट आत-बाहेर झाली तर रायफल ठेवा. टोक उताराला ठेचकाळून थांबत असेल आणि जाणत्या मिस्त्रीनं उतार बघून मान हलवली, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवून .315 घ्या, आणि पहिल्याच उन्हाळ्यात तिची कॉलर तपासून घ्या.